‘देवाची इच्छा’ आणि बियाण्याची पिशवी



आज आम्ही आमच्याच एका चुकीची हकीकत सांगणार आहोत. प्रवचनपीठावरून दुसऱ्यांच्या चुका दाखविणे धर्मगुरूला सवयीने सोपे होऊन बसते; स्वतःची चूक कागदावर मांडताना मात्र लेखणी जड होते. तथापि ही चूक एकट्याने पोटात ठेवण्यासारखी नाही. कारण तिची किंमत आम्ही मोजली नाही. ती दुसऱ्याच एका घराने मोजली.

2018 साली आम्ही खानापूर तालुक्यातील, रानालगतच्या एका धर्मग्रामात होतो. भात हेच तिकडचे मुख्य पीक. पुष्कळ शेतकरी मे महिन्याच्या अखेरीस, वळवाचे एकदोन पाऊस झाले की, कोरड्या मातीतच कुरीने भात पेरतात. काही जण तरवा टाकून मागाहून लावणी करतात. जूनच्या एका रविवारी सकाळच्या मिस्सानंतर एक विधवा आजी आमच्यापाशी आल्या. मुलगा गोव्यात कामाला. घरी त्या, सून आणि दोन नातवंडे. डोक्यावरचा पदर सारखा करीत त्या म्हणाल्या, “फादर, शेताला आशीर्वाद द्यायला येता काय? सगळ्यांचं हिरवं झालंय, माझंच तेवढं टक्कल राहिलंय बघा.”

संध्याकाळी आम्ही गेलो. खरोखरच शेजारच्या शेतांतून बोटभर कोंब वर आले होते आणि आजींच्या वाफ्यात इथे एक, तिथे एक, असे चुकार हिरवे ठिपके. आम्ही प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले. आजींनी विचारले, “असं का झालं असेल, फादर?” आणि आम्ही, सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकून आलेले शहाणे, काय म्हणालो? आम्ही म्हणालो, “देवाची इच्छा म्हणायची, आजी. सोसून घ्या. प्रभू पाहतो आहे.” आजी म्हणाल्या, “होय की, फादर. कुणाला काय बोलायचं.”

गोठ्याच्या खांबाला बियाण्याची रिकामी पिशवी अडकविलेली होती. तिच्या तोंडाशी शिवलेला निळा बिल्ला वाऱ्याने हलत होता. तो आम्ही पाहिला. हात लावून वाचला मात्र नाही.

आजींनी भावाकडून घरचे बी उसने आणले आणि शेत पुन्हा पेरले. आम्हीही ती गोष्ट विसरून गेलो. दोनतीन आठवड्यांनी एक गृहस्थ आमच्या दारी आले. दोन एकरांचे धनी, चार मुलांचे बाप, आमच्या गायकवृंदातले. त्यांनी तरवा टाकला होता. तो उगवला नव्हता. हातात एक निळा बिल्ला होता आणि त्यावरील इंग्रजी वाचून दाखवा, अशी त्यांची विनंती होती. बिल्ला हातात घेताच गोठ्याचा तो खांब आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आम्ही तसेच उठून आजींच्या घरी गेलो, पिशवी मागून घेतली आणि दोन्ही बिल्ले शेजारी शेजारी धरले. वाण तोच, लॉट क्रमांक तोच, अक्षरन् अक्षर तेच. त्या गृहस्थांनी बियाणे केव्हा विकत घेतले होते? आम्ही आजींच्या शेतात पवित्र पाणी शिंपडून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी.

म्हणजे असे की, आम्ही त्या संध्याकाळी ‘देवाची इच्छा’ म्हणण्याऐवजी ‘चला आजी, उद्या दुकानात जाऊन सांगू’ एवढे म्हटले असते, तर या माणसाचा तरवा वाचला असता. देवाच्या इच्छेच्या नावावर आम्ही आमचा आळस खपविला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तालुक्याच्या बाजारपेठेत गेलो. वाटेत गृहस्थांचा संताप उसळत होता. “दुकानासमोरच पिशवी ओततो, फादर. चार माणसं जमली की अक्कल येईल त्याला.” आम्ही म्हटले, “ओता, पण आधी पाच मिनिटे आम्हांला बोलू द्या.” दुकानात गर्दी होती. ती ओसरेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मग दोन्ही बिल्ले आणि दोन्ही पावत्या दुकानदारापुढे ठेवून आम्ही म्हणालो, “आम्ही तुमच्यावर आळ घ्यायला आलेलो नाही. या क्रमांकाचे बी या दोघांच्याही शेतात उगवलेले नाही. तुमच्याकडे या क्रमांकाच्या पिशव्या उरल्या असतील तर त्या विकू नका. आणि या दोघांसाठी काय करता येईल तेवढे सांगा.”

दुकानदार क्षणभर गप्प राहिला. मग आत जाऊन त्याने चार पिशव्या ओढून बाजूला काढल्या. त्याचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, “फादर, हे मला पंधरा दिवस आधी कुणी तरी सांगायला पाहिजे होतं की हो. मी काय बियाण्याच्या पोटात शिरून बघतो काय? पिशवी शिवून येते, मी विकतो.” त्याने आमच्यासमोरच एका पिशवीतले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. काही दिवसांनी मोजले तेव्हा निम्मेही मोडावले नव्हते. निळा बिल्ला म्हणजे प्रमाणित बियाणे. भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवण शंभरात किमान ऐंशी असली पाहिजे, असा नियमच आहे. दुकानदाराने बियाणे पुरविणाऱ्यांना कळविले. त्यांचा माणूस येऊन दोन्ही शेते पाहून गेला. बियाण्याचे पैसे परत मिळाले आणि कमी मुदतीच्या वाणाचे बी मिळाले. मजुरीचे आणि वाया गेलेल्या दिवसांचे काही मिळाले नाही.

आजींनी आधीच पुन्हा पेरल्यामुळे त्यांचे निभावले. त्या गृहस्थांची लावणी मात्र फार उशिरा झाली. भात पोटरीत असताना पावसाने ओढ दिली आणि लोंब्या निम्म्या पोल निघाल्या. पुढचे वर्षभर त्या घरी दुकानचा तांदूळ आला. त्यांनी आम्हांला कधी दोष दिला नाही. उलट ‘फादर बरोबर आले म्हणून काम झाले’ असेच ते चारचौघांत सांगत राहिले. त्या संध्याकाळी आम्ही आजींना काय म्हणालो होतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. हे साप्ताहिक त्यांच्या घरी जाते. आज ठाऊक होईल.

आता कोणी म्हणेल, ‘सोसणे’ हा तर ख्रिस्ती सद्गुण आहे. अन्याय धीराने सोसणे हे दयेच्या सात आत्मिक कृत्यांपैकी एक, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांकडून पाठ करून घेतो. खरे आहे. परंतु त्याच सातांत चुकणाऱ्याला त्याची चूक दाखविणे हेही एक कृत्य आहे, ते आपण भरभर म्हणून पुढे जातो. संत थोमस अक्विनास यांनी बंधूला केलेल्या या बोधाला प्रीतीचे कृत्य म्हटले आहे. ही दोन कृत्ये एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. ज्या अन्यायाचा शेवट आपल्यापाशी होतो, तो सोसावा की बोलून दाखवावा, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. बसमध्ये कोणी पायावर पाय दिला, जाऊ दे. परंतु जो अन्याय आपल्या घरातून उठून शेजाऱ्याच्या घरी जाणार आहे, तो सोसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आजींच्या मौनाने आजींचेच नुकसान झाले असते तर ते त्यांचे तप ठरले असते. तसे झाले नाही. आणि त्या मौनाला आशीर्वाद आम्ही दिला होता.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, जो 1992 साली प्रसिद्ध झाला, सातव्या आज्ञेखाली म्हणजे ‘चोरी करू नको’ या आज्ञेखाली जी दुष्कृत्ये सांगितली आहेत, त्यांत लाचलुचपत आणि करचुकवेगिरी यांच्या पंगतीला ‘वाईट रीतीने केलेले काम’ हेही बसविले आहे. हे वाचून आम्ही स्वतः दचकलो होतो. चोरी म्हणजे कुलूप फोडणे, एवढेच आपल्या डोक्यात असते. उसवलेली शिवण, ठिसूळ कौल, अर्धवट भाजलेला पाव, घाईघाईने उरकलेले प्रवचन ही सारी त्याच आज्ञेच्या कक्षेत येतात. मापात पाप करू नका, तराजू व वजने खरी ठेवा, ही लेवीय पुस्तकातील आज्ञा तर आपल्या ओळखीचीच आहे.

आणि आपला प्रभू? हन्नापुढे चौकशी चालली असता एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. दुसरा गाल पुढे करावयास शिकविणाऱ्या प्रभूने त्या वेळी काय केले, ते संत योहानाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात वाचून पाहा. त्याने शिव्याशाप दिले नाहीत आणि तो गप्पही राहिला नाही. माझे बोलणे चुकीचे असेल तर काय चुकले ते सांग. बरोबर असेल तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. शांतपणे, नेमका, एकच प्रश्न. संत पौल आणि सीला यांना फिलिप्पै शहरात चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात घातले. सकाळी अधिकाऱ्यांनी ‘आता गुपचूप जा’ असा निरोप धाडला. संत पौल हलले नाहीत. आम्ही रोमन नागरिक आहोत, त्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्यांनी कळविले. अधिकारी आले, त्यांनी विनवणी केली. त्यानंतर त्या शहरातल्या नवख्या ख्रिस्ती कुटुंबांना त्रास देण्याआधी अधिकाऱ्यांनी दहा वेळा विचार केला असेल, असे आम्हांला वाटते. हे बायबलात लिहिलेले नाही, आमचा तर्क आहे.

असो. आमची माणसे तक्रार का करीत नाहीत, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. पहिले कारण उधारी. ज्याच्या वहीत आपले नाव आहे त्याला ‘तुझा माल वाईट’ असे कसे म्हणावे? दुसरे कारण भाषेचे. घरी मराठी किंवा कोंकणी, कचेरीत कानडी, पिशवीवर इंग्रजी. या तिठ्यावर आमचा सीमेवरचा शेतकरी गोंधळून उभा राहतो. तिसरे कारण, ‘भांडकुदळ’ म्हणून नाव होण्याची भीती. बायकांना ती अधिक. त्यामुळे होते असे की, शंभरांतले नव्वद गप्प बसतात आणि उरलेले दहा थेट आरडाओरड करतात. मधली वाट मोकळीच पडून राहते.

आरडाओरडीचा अनुभव आमच्याही पदरी आहे. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी आम्ही पास्काच्या रात्रीसाठी शहरातील एका कारखानदाराकडून लहान मेणबत्त्या मागविल्या. रात्री मंदिरातले दिवे मालविले, पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून ज्योती पेटत पेटत मागेपर्यंत गेल्या आणि पहिले वाचन संपायच्या आत निम्म्या विझल्या. वाती मेणात बुडत होत्या. लोक एकमेकांकडे ज्योती मागत होते, मुले हसत होती. आम्ही इतके चिडलो की, दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाच्या आनंदातच चार पाने पत्र लिहिले. त्यात आमोस संदेष्टाही आला होता आणि नरकाचाही ओझरता उल्लेख होता, असे स्मरते. उत्तर आले नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याच शहरात काम निघाले म्हणून आम्ही तिकडे डोकावलो. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या, एक म्हातारा, त्याची मुलगी आणि दोन साचे. हा तो ‘कारखाना’. म्हातारा उभा राहिला. म्हणाला, “तुमचं पत्र आलं होतं, फादर. वाचून घेतलं. उत्तर काय द्यावं, कळेना. भीती वाटली.” मग हळूहळू उलगडा झाला. वाती देणारा व्यापारी बदलला होता, नव्या वाती बारीक होत्या. त्या वर्षात त्याची पाचसहा जुनी गिऱ्हाइके तुटली. का तुटली, हे कोणीही सांगितले नव्हते. ज्याने सांगितले त्याने इतक्या जोराने सांगितले की ऐकूच आले नाही. “वात बुडते एवढंच कुणी बोललं असतं तर दुसऱ्या दिवशी बदलली असती,” तो म्हणाला. आम्ही त्याची क्षमा मागितली. पुढच्या पास्काला त्याच्याच मेणबत्त्या घेतल्या. शेवटच्या गीतापर्यंत जळल्या.

तेव्हापासून आम्ही तक्रारीला विक्रेत्यावरचे उपकार मानू लागलो. जे गिऱ्हाईक न बोलता दुसरीकडे जाते, त्याच्यापासून दुकानदाराला काहीच शिकता येत नाही. जे परत येऊन ‘हे असे झाले’ म्हणते, त्याचा अजून दुकानावर विश्वास असतो. म्हणूनच ते परत येते. शहाणा दुकानदार हे ओळखतो.

गोडीने तक्रार करावयाची म्हणजे मऊ मऊ बोलून मुद्दा गिळावयाचा, असे नव्हे. मुद्दा कठीण असू द्यावा, आवाज नसावा. प्रभूने संत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात बंधूच्या अपराधाविषयी जो क्रम घालून दिला आहे, त्याहून चांगला क्रम आम्हांला कोणत्याही सरकारी पुस्तिकेत आढळला नाही. आधी एकट्याने, एकांतात सांगावे. ऐकले नाही तर एकदोन जणांना बरोबर घेऊन जावे. तरीही नाही तर मंडळीपुढे मांडावे. आपण नेमके उलटे करतो: आधी पारावर सांगतो, मग चारजणांत, आणि ज्याचा संबंध आहे त्याला शेवटपर्यंत सांगतच नाही. दुकानात जावयाचे ते गर्दीच्या वेळी जाऊ नये. जो पोरगा माल काढून देतो त्याला बोलून उपयोग नसतो; मालकाची वाट पाहावी. पावती, वेष्टन आणि शक्य तर खराब वस्तू बरोबर असावी. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. मागच्या दिवाळीचे तेल आणि परवाची चहापूड एकत्र कालवली की दोन्ही निसटतात. आणि आपल्याला काय हवे आहे ते स्पष्ट सांगावे: बदलून हवे, पैसे हवेत, दुरुस्ती हवी, की नुसते पुढच्या खेपेला सांभाळावे एवढेच हवे. ‘बघा तुम्हीच काय ते’ असे म्हटले की समोरचा काहीच बघत नाही, हा आमचा अनुभव आहे.

पावतीचे तर काय सांगावे! आमच्या गावांतून पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे समजतात. लग्नाची नोंद आपण नोंदवहीत करतो, ती काय वधूवरांवर अविश्वास म्हणून?

वजनमापांचीही लाज धरू नये. दुकानदाराच्या वजनांवर आणि काट्यावर सरकारी तपासणीचा शिक्का असावा लागतो. साधी वजने दर दोन वर्षांनी आणि विजेचा काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. घरच्या गॅसच्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच कोरलेले असते. दोहोंची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. आणून देणाऱ्याला ‘दादा, जरा वजन करून दाखवता काय’ एवढे हसून विचारावे. आमच्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई हे इतक्या सहजपणे विचारतात की, तो माणूस आता न सांगताच काटा अडकवितो आणि चहाही पिऊन जातो.

आणि गोडीने, क्रमाने, सारे करूनही कोणी दादच दिली नाही तर? तर संत पौलांचे नागरिकत्व आपल्याही खिशात आहे. आपल्या देशात ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 साली झाला. 24 डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. 2019 साली त्याच्या जागी नवा कायदा आला व तो जुलै 2020 पासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगापुढे दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलच हवा असे नाही. आणि माल कोठेही घेतलेला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गोव्यात फ्रीज घेऊन बेळगावला आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याआधी 1915 या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करून मराठीतूनही सल्ला घेता येतो. शेतकऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, बियाणे पेरणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या खटल्यात दिला आहे. तपासणीसाठी शेतकऱ्याने थोडे बियाणे राखून ठेवले नाही, ही सबबही न्यायालयाने मानली नाही. गरीब माणूस विकत आणलेले सगळे बी पेरणारच. तरीही पिशवी, बिल्ला आणि पावती पीक घरी येईपर्यंत जपून ठेवा, असे आम्ही पदोपदी सांगत असतो.

अमेरिकेचे पहिले कॅथॉलिक अध्यक्ष जॉन केनेडी यांनी 15 मार्च 1962 रोजी आपल्या संसदेला ग्राहकांचे चार हक्क सांगितले. त्यांतला चौथा होता, आपले म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क. आपले म्हणणे! ते आधी म्हणावे तर लागेल.

हे सर्व दुकानदारांविषयी झाले. परंतु सेवा देणारे फक्त दुकानदार नसतात. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय तक्रारीनेच सुरू होतो. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या मंडळींनी हिब्रू मंडळींविरुद्ध कुरकुर केली. म्हणजे बोट अप्रत्यक्षपणे खुद्द प्रेषितांकडेच वळले होते. प्रेषितांनी ‘सोसून घ्या’ असे सांगितले नाही. त्यांनी सर्वांना बोलाविले, सात माणसे निवडून घेतली, त्यांत संत स्तेफन होते. त्या सातांत ख्रिस्तसभा दीकनपदाचा उगम पाहते. विधवांच्या ताटातल्या भाकरीवरून निघालेली ती तक्रार होती.

आमच्याविरुद्धची एक तक्रार सांगतो. त्याच धर्मग्रामातील एक तरुण मडगावला कामाला होता. त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आमच्या हातून वडिलांच्या नावात एक अक्षर चुकले होते. पारपत्राच्या कामी तो अडला, दोनदा रजा काढून दोनदा हेलपाटे घातले, दोनदा मजुरी बुडाली. पण ‘फादरांना कसे सांगावे’ म्हणून वर्षभर गप्प राहिला. शेवटी त्याची आई आली. दाखला आमच्यापुढे ठेवून म्हणाली, “फादर, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. एवढं एकच तेवढं चुकलंय बघा.” पाच मिनिटांचे काम होते. नोंदवही काढली, ताडून पाहिली, नवा दाखला शिक्का मारून दिला. त्या मुलाचे बुडालेले दिवस मात्र आमच्या नोंदवहीत कोठेच लिहिलेले नाहीत.

आणि एक शेवटची. बदली होऊन निघण्याच्या थोडे आधीची गोष्ट. बियाण्याच्या त्याच आजी मिस्सानंतर दारात थांबल्या. सगळे गेल्यावर जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “फादर, रागावू नका. तिसऱ्या खांबाच्या मागं प्रवचन ऐकू येत नाही. नुसतं घूं घूं होतंय. भोंगा नवा आहे नव्हे?”

भोंगा, म्हणजे ध्वनिक्षेपक, नवाच होता. सात महिन्यांपूर्वी घेतला होता आणि वर्षाची हमी होती. “बदलून मिळेल की मग,” आजी म्हणाल्या. “पावती असेल की.”

पावती! आम्ही कपाट उपसले, मेजाचे खण पालथे घातले, स्वयंपाकघरातल्या डब्यांत देखील पाहिले. आजी व्हरांड्यात बाकावर जपमाळ ओढीत बसून होत्या. त्या उठल्या नाहीत. अखेरीस बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, खूण म्हणून घातलेली, ती सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही भोंगा मांडीवर घेऊन बेळगावला गेलो.